शेवटच्या पाळीचा चेअरमन

आमचे आण्णा स्वतःच्या लग्नात शेवटच्या पंगतीला जेवले. एवढ्यावर भागलं असतं तर मी कौतुकानं सांगितलं असतं. पण नवरदेव जेवल्याशिवाय नवरीनं जेवायचं कसं? त्यामुळं हौसाकाकीही मुंडावळ्या बांधून, शालूत घामाघूम होत, सगळं गाव जेवून सुपारी कातरत बसेपर्यंत उपाशी राहिल्या. दोघं पानावर बसले तेव्हा बुंदी संपली होती आणि आमटीच्या पातेल्याला पळी खरवडत होती.

"माझ्या लग्नातली बुंदी म्या अजून खाल्ली न्हाई बगा," असं काकींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी हसायला तोंड उघडलं, पण काकी हसत नव्हत्या, म्हणून मिटलं. तो मला आण्णांकडून बसलेला पहिला धक्का. पुढं सवय होईल असं वाटलं होतं. आजतागायत झालेली नाही.

आण्णा म्हणजे हणमंतराव यादव, आमच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. कराड आणि सांगलीच्या मधे, कृष्णाकाठाला आमचं गाव. शेतकऱ्यांनी मिळून नदीवर मोटार बसवलीय. ती पाणी उचलून वरच्या माळावरच्या हौदात टाकते आणि तिथून पाटानं ते प्रत्येकाच्या रानात जातं. सगळ्यांना एकदम देण्याइतकं पाणी नसतं, म्हणून नंबर लावून, तास ठरवून द्यायचं. याला म्हणतात पाळी. पाळीवरून आमच्याकडं सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. अशा या संस्थेचा मी सचिव. मूळचा सांगलीचा, बी.कॉम. झालेला. नोकरी लागेपर्यंत कृष्णा नदी मी फक्त पुलावरून, तीही पूर आला की बघायला जायचो.

कामावर रुजू झालो त्या दिवशी ऑफिसात शिरलो तर चेअरमनच्या खुर्चीत एक माणूस बसून टेबलावर मुठी आपटत होता. दुधाची किटली पायाशी. मी अदबीनं नमस्कार केला, "साहेब, मी नवीन सचिव." तो म्हणाला, "मी कसला सायेब, मी तक्रार कराय आलोय. सायेब त्यो बगा." उंबऱ्यावर एक उंच, हाडकुळे गृहस्थ बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याच्या एका दांडीला दोरा, मांडीवर छत्री. कडक उन्हाळा होता आणि आकाशात औषधाला ढग नव्हता. ते म्हणाले, "बसा सचिव. कुठंबी बसा. खुर्ची तेवढी तक्रार करणाऱ्याची."

खुर्ची देऊन हा माणूस थांबत असता तर प्रश्न नव्हता. आण्णांचा दुसरा कायदा असा, की तक्रार जो करील त्यानंच त्या गोष्टीचा कारभार हातात घ्यायचा. "तुझी तक्रार, तुझा कारभार," असं म्हणून ते मोकळे. आण्णांच्या शेजारच्या रानातल्या जयसिंगनं तक्रार केली, की पाणी सोडणारा गडी पाटावर झोपतो. झालं! त्या पाळीला पाणी सोडायचं काम जयसिंगकडं. तिसऱ्या दिवशी जयसिंगच पाटावर घोरताना सापडला. मीटिंगचा चहा पांचट असतो असं प्राथमिक शाळेचे गुरुजी म्हणाले, तर पुढच्या मीटिंगला गुरुजी सदऱ्याच्या बाह्या सारून स्टोव्हपुढं. मी बिचाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात सहज म्हटलं, की कपाटात झुरळं फार आहेत. आता सचिवपदाबरोबर झुरळांचंही खातं माझ्याकडं आहे.

कहर झाला तो बापू पाटलांच्या वेळी. बापू म्हणजे गावातले बडे बागाईतदार, आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वर करील. ते भर सभेत ओरडले, "हणमंता, तुझी हुकूमशाही चाललीया! चेरमन म्हंजे काय राजा न्हवं!" आण्णा शांतपणे उठले, मोटारघराच्या किल्ल्या बापूंच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "मग महिनाभर तुमी चालवा." मी हादरलो. उपविधी चाळून काढले. चेअरमनपद असं उसनं देता येतं की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, कारण उपविधी लिहिणाऱ्याला असा माणूस स्वप्नातही दिसला नसावा. बापूंनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी आण्णांच्या दारात येऊन म्हणाले, "घे बाबा तुझ्या किल्ल्या. गावातलं कुत्रंबी आता मला पाणी मागतंया."

पण खरी गंमत, किंवा खरं सांगायचं तर खरा ताप, आण्णांच्या पाळीचा होता. त्यांचं रान हौदाच्या अगदी उशाला. हौदातून पाट निघतो तो पहिला त्यांच्याच बांधाला घासून जातो. रीतीनं पहिली पाळी त्यांची. पण चेअरमन झाल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "पंगत वाढणाऱ्यानं आदी जेवू न्हाई." तेव्हापासून त्यांचा नंबर शेवटचा. म्हणजे पाणी त्यांच्या उसासमोरून खळखळत जायचं, सगळ्या शिवाराला भिजवायचं, आणि सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं आण्णांना. ते कधी करंगळीएवढं यायचं, कधी यायचंच नाही. सगळ्या शिवारात ऊस डोक्याच्या वर आणि चेअरमनचा ऊस कमरेला. बाहेरगावचा पाहुणा आला की विचारायचा, "हे कुणाचं रान हो, आळशाचं?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथं रोज बघत होतो.

गावाला मात्र याचा केवढा अभिमान! "असा चेरमन जिल्ह्यात न्हाई," असं सांगताना लोकांची छाती फुगायची. पाणी आधी घेऊन, पोट भरून, छाती फुगवायची. मीही त्यातलाच. सांगलीला गेलो की मित्रांना आण्णांचे किस्से सांगून मी स्वतःच मोठा होऊन यायचो.

या कीर्तीचा परिणाम म्हणून साताऱ्याहून एक बोलावणं आलं. संस्थांच्या चेअरमन आणि सचिवांसाठी एक दिवसाचं शिबिर, विषय 'उत्तम नेतृत्व'. शिकवायला कोटवाले सर होते, पुण्याचे. त्यांनी पडद्यावर डोंगर दाखवला, डोंगरावर झेंडा दाखवला आणि विचारलं, "नेत्याजवळ काय असावं?" कुणी म्हणालं दूरदृष्टी, कुणी म्हणालं जिद्द. फलटणकडचे एक चेअरमन म्हणाले चारचाकी. सरांनी आण्णांकडं बोट केलं. आण्णा उभे राहिले. "कान मोटं आन् पॉट रिकामं," म्हणाले आणि बसले. सरांनी फळ्यावर 'कान' लिहिलं. पोटाचं काय करावं ते त्यांना कळेना.

मग एक खेळ झाला. एकानं पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सरळ मागं पडायचं. मागं उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी त्याला झेलायचं. यानं म्हणे विश्वास वाढतो. आण्णा म्हणाले, "आदी सगळ्यांचं हू द्या. मी शेवटी पडतो." एकेक चेअरमन धाडधाड पडत होता, बाकीचे झेलत होते, हास्याचे फवारे उडत होते. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. जेवणाला श्रीखंड आहे अशी बातमी आली आणि शिबिराचं पाखरागत उड्डाण झालं. मीही उडालो, खोटं कशाला सांगू?

ताट भरून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की आण्णा नाहीत. परत हॉलमध्ये आलो. रिकाम्या हॉलच्या मधोमध आण्णा पाठमोरे उभे होते. डोळे मिटलेले, हात छातीवर, छत्री काखेत.

"हाय का रं मागं कुणी?" त्यांनी विचारलं.

ताट खुर्चीवर टाकून मी धावलो, तोवर माझ्या पावलांचा आवाज ऐकून ते निर्धास्त पडले होते. मी एकटा, आणि त्यांची उंची ही अशी. आम्ही दोघंही जमिनीवर. छत्री माझ्या बरगडीत. आण्णा छताकडं बघत म्हणाले, "झाला का इस्वास?" येताना एस.टी.त मी त्या प्रसंगावर खूप हसलो. आण्णाही हसले, पण माझ्यापेक्षा जरा उशिरा.

आता हळदीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हौसाकाकींचं माहेर सांगलीकडचं, हळद पिकवणारं. त्यांची आई गेली, भाऊ पोटामागं मुंबईला गेलेले, घराला कुलूप लागलं. दिवसकार्य उरकून परतताना काकींनी आईच्या परड्यातलं हळदीचं बेणं पोत्यात भरून आणलं. दागिना नाही, भांडं नाही, बेणं, लावणीचे गड्डे. आण्णांनी पूर्वीच आपल्या रानातले दहा गुंठे काकींच्या नावावर केले होते, त्यामुळं त्या संस्थेच्या रीतसर सभासद होत्या; पाळी मात्र दोघांची एकच, शेवटची. त्या दहा गुंठ्यांत अक्षय्य तृतीया झाल्यावर काकींनी स्वतःच्या हातानं हळद लावली. मी बांधावर उभा होतो. मला म्हणाल्या, "आयच्या हातचं बेणं हाय, सचिव. ह्येला आता दुसरीकडं कुठं मूळ न्हाई. हे वाळलं तर माजं माहेर दुसऱ्यांदा मेलं." मी उगाच घड्याळ बघितलं.

हळद लावली की पाऊस पडेपर्यंत तिला पाणी लागतं. पहिलं पाणी मिळालं आणि दुसऱ्या पाण्याच्या तोंडावर संस्थेची मोटार जळाली.

विजेचा दाब कमी आणि शिवाराची तहान जास्त, मोटारीनं जीव सोडला. टेम्पोत घालून आम्ही ती सांगलीला बशीरभाईंकडं नेली. मोटारींच्या कॉइल भराव्यात तर बशीरभाईंनी. त्यांनी मोटार उघडून वास घेतला आणि आण्णांकडं बघत म्हणाले, "आण्णा, ही तुमच्यागतच हाय बगा. सगळा लोड एकटी वढती, आन् कुरकुर करत न्हाई. मग एक दिवस असा वास येतो." आण्णा म्हणाले, "कवा देताय त्ये सांगा."

मोटार मिळायला आठवडा गेला. ती नदीवर बसते न बसते तोच माझ्या फोनवर निरोप आला: सरकारी उपसाबंदी. शुक्रवारपासून नदीचं पाणी कुणी उचलायचं नाही. मी कागदावर तास मांडले, पुन्हा मांडले. शुक्रवारच्या आत पाळी पुरी होत नव्हती. शेवटचा जो असेल त्याचं रान कोरडं राहणार होतं. आणि शेवटचा कोण, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तातडीनं देवळाच्या मंडपात सभा बोलावली. पुरुष एका बाजूला, सभासद असलेल्या बाया खांबाजवळ. मी परिस्थिती सांगितली. लोकांचे चेहरे पडले, आता कुणाला वगळायचं म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याकडं संशयानं बघायला लागला. आण्णा उठले. "येवढा घोर कशाला? शेवटी मी हाय. माझं राहू द्या कोरडं."

सुटकेचा असा मोठा श्वास मी आयुष्यात ऐकला नव्हता. टाळ्या पडल्या. बापू पाटील गहिवरून म्हणाले, "ह्येला म्हणत्यात नेता! सचिव, अभिनंदनाचा ठराव लिवा. शाल-नारळाचं बगा." मी पेन उघडलं.

"सचिवसायेब, ठराव ऱ्हाऊ द्या. आदी माजी तक्रार लिवून घ्या."

खांबाजवळ हौसाकाकी उभ्या होत्या. पदर खोचलेला. माझं पेन हातातून गळलं, आणि हे मी अलंकारिक सांगत नाही, ते खरोखर घरंगळत बापूंच्या मांडीखाली गेलं.

"हौसाबाई हणमंत यादव," काकी म्हणाल्या. "मेंबर. दहा गुंठं. तक्रार चेरमनवर हाय."

"वैनी," बापू चाचरत म्हणाले, "घरातलं घरात..."

"घरात सांगून केस पांढरं झालं, बापू. घरात चेरमन कुठं सापडतोय? आज हितं गावलाय." मग त्या आण्णांकडं वळल्या. आवाज चढवला नाही, उलट उतरवला, आणि म्हणून मंडपात शेवटच्या माणसालाही तो ऐकू आला. "तुमी उपाशी ऱ्हावा, तुमची हौस. आजपतूर म्या एका शब्दानं आडवलं न्हाई. पर माजं ताट तुमी कुणाला इचारून उचललं? मोठेपणा तुमचा, आन् वाळायचं माज्या आयच्या हळदीनं?"

इतकी वर्षं मी पाळीचे तास लिहीत होतो. चेअरमनचं रान शेवटी, असं लिहिताना त्या रानात दुसरं एक माणूस उभं आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्यागाची गोष्ट आम्ही सगळे एकाच माणसाची समजत होतो. मला काकींकडं बघवेना आणि आण्णांकडं तर त्याहून नाही.

जयसिंग हळूच म्हणाला, "आण्णा, तुमचाच कायदा हाय. ज्याची तक्रार..."

आण्णांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. खिशातून किल्ल्या काढल्या. त्या त्यांनी काकींच्या ओंजळीत ठेवल्या. "लिवा सचिव," ते म्हणाले, "ह्या पाळीचा कारभार हौसाबाई यादव बगतील." आणि ते जाऊन मंडपाच्या पायरीवर बसले.

आता काकी काय करणार हे उघड होतं. पहिलं पाणी हळदीला, बाकी शिवार गेलं उडत. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. काकींनी मला विचारलं, "शुक्रवारपतूर किती पाणी हुईल?"

"आण्णांची पाळी सोडून बाकी सगळ्यांना पुरेल एवढं," मी म्हणालो.

"मग सगळ्यांची पाळी जरा जरा कापा."

एकच गलका उठला. "कापल्या पाळीत ऊस भिजतोय व्हय?" जयसिंगच सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

"भिजत न्हाई. जगतोय," काकी म्हणाल्या. "घरात पीठ कमी असलं तर एकाला उपाशी निजवून बाकीच्यांनी ढेकर द्यायचा असतोय व्हय रं? भाकरी मोडायची असती."

"पर काकी, आजपतूर असं कवा झालं न्हाई!"

"कसं हुईल? एकजण उपाशी ऱ्हायला तयार हुता की. तुमच्यावर भाकरी मोडायची येळच आली न्हाई."

मी त्या दिवशी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, की आज मला नेतृत्व कळलं. तिनं विचारलं काय कळलं, तर मला नीट सांगता येईना. चांगला माणूस पुढं होऊन सगळं सोसतो, आणि त्याच्या सावलीत बाकीचे बेशक हावरट होतात, आणि वर त्याला शाल-नारळ देतात, असं काहीतरी मी बोललो. बायको म्हणाली, "हे कळायला सभा कशाला पाहिजे?" तिच्या या बोलण्यानंही मी सर्दच झालो, पण तो वेगळा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुरू झाली. काकींनी क्रमही बदलला होता: हौदापासून जसं रान लागेल तसं पाणी. म्हणजे पहिला नंबर आण्णांच्या रानाचा, आणि त्यातही आधी दहा गुंठे हळद. "लोक काय म्हणतील?" आण्णा कळवळून म्हणाले होते. "म्हणतील, हौसाचं पाणी आलं," असं उत्तर मिळालं. त्यांच्यानंतर शेजारी जयसिंगची पाळी. तो खोरं खांद्यावर टाकून बांधावर बसला होता. त्याचा ऊसही तहानेनं पिवळा पडलेला. काकींनी माझं मनगटी घड्याळ काढून घेतलं होतं आणि त्या पाटाच्या दारापाशी उभ्या होत्या. आण्णा अनवाणी, धोतर वर खोचून, हळदीत खोरं घेऊन सज्ज.

दार उघडलं, आणि जे झालं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. एवढं पाणी आपल्या रानात शिरताना आण्णांनी इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं! करंगळीएवढी धार वळवायची त्यांच्या हाताला सवय. लोंढा आला आणि ते बावरले. एक सरी फुटली, ती बांधतात तोवर दुसरी फुटली, पाणी वरंब्यावरून उडी मारून गाडीवाटेवर. आख्ख्या शिवाराच्या पाळ्या लावणारा चेअरमन स्वतःच्या दहा गुंठ्यांत हातवारे करत पळत होता. "आवं उजवीकडं! उजवीकडं दाबा!" काकी ओरडत होत्या. मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. कापलेल्या पाळीतलं बरंच पाणी वाटेनं गेलं, उसापर्यंत पोचलंच नाही.

हळदीच्याही शेवटच्या काही सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या, तेव्हा काकी म्हणाल्या, "येळ झाली."

"थोड्याच सऱ्या ऱ्हायल्यात गं," आण्णा म्हणाले.

"येळ झाली."

आण्णांनी वाद घातला नाही. खोरं बांधावर ठेवलं. काकींनी त्या कोरड्या सऱ्यांकडं एकदा बघितलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, आता ही बाई नियम मोडेल. मोडावाच, असं मला मनापासून वाटलं. पण त्या वाकल्या आणि पाटाचं दार जयसिंगच्या बाजूला वळवायला त्यांनी फळीला हात घातला. फळी काही केल्या त्यांच्या हातून निघेना.

"काकी, थांबा," जयसिंग म्हणाला. तो उठून आला. मान खाली घालून, जरा घुटमळत म्हणाला, "आण्णा, तुमी घ्या. माज्या पाळीतलं. तुमचं झालं की मग मी घेतो."

आण्णांना बहुतेक कळलं नाही. "काय म्हणलास?"

"घ्या म्हणलं. आदी तुमी."

आण्णा होते तिथंच, चिखलात, बांधावर टेकले. टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, आणि बराच वेळ टोपी तोंडावरून काढलीच नाही. मी घाबरलो. उन्हाचा झटका आला की काय म्हणून पाण्याची बाटली घेऊन धावलो. त्यांनी माझा हात धरला.

"सचिव," ते म्हणाले, "येवढी वर्सं पाट माज्या बांधाला घासून पुढं जायचा. दर पाळीला. आन् मी दर पाळीला हितं येऊन हुबा ऱ्हायचो. वाटायचं, आज तरी कुणीतरी म्हणंल, आण्णा, ह्या टायमाला तुमी घ्या. मी घेतलं नसतं रं. आयच्यान सांगतो, घेतलं नसतं. पर कुणीतरी म्हणावं, असं लय वाटायचं."

आण्णांनी दिलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा, आणि तो त्यांनी किती हळू आवाजात दिला! आम्ही समजत होतो, या माणसाला काही लागतच नाही. पाण्यावाचून त्यांचं भागत होतं, हे खरं. त्या एका वाक्यावाचून ते इतकी वर्षं वाळत होते आणि आम्ही त्यांना शाल-नारळ द्यायला निघालो होतो.

आण्णांनी काकींकडं बघितलं. पोरानं आईला विचारावं तसं विचारलं, "घिऊ व्हय गं?"

काकी पाठमोऱ्या होत्या. पदर तोंडाशी होता. "त्याची पाळी हाय, त्यानं दिलीया," त्या म्हणाल्या. "घ्या की."

आण्णांनी खोरं उचललं, पण त्यांच्या हातात ते ठरेना. मग जयसिंगनंच ते घेतलं आणि सरीचं तोंड फोडलं. पाणी आत शिरलं तसे आण्णा गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी पाण्याला वाट करून द्यायला लागले. "सावकाश रं जयसिंगा," ते म्हणत होते, "बेणं उघडं पडंल. तिच्या आयच्या हातचं हाय ते." काकींच्या मुठीत माझं घड्याळ होतं. त्या ते बघायचं विसरल्या होत्या, आणि मीही आठवण केली नाही.